लिंका साठवायची मराठी साइट चालते, पण पैसा कुठून आणावा?

वावर_ते_वेब (ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी.

घरची पऱ्हाटी-सोयाबीनची शेती सांभाळून मी वेबसाइटची लहानमोठी कामं करतो. त्यातच एक साइट स्वतःची काढली आहे, तिच्याबद्दल विचारायचं आहे. कोणीही खातं उघडावं, आपल्या कामाची लिंक साठवावी, तिला दोन-चार टॅग लावावे आणि ती बाकीच्यांनाही दिसावी. सोशल बुकमार्किंग म्हणतात तेच, पण मराठीत आणि आपल्या भागातल्या कामापुरतं.

काढली काहून, तर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चांगल्या लिंका येतात आणि दोन दिवसांत सुप्रभात अन् वाढदिवसांच्या फोटोंखाली गाडल्या जातात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची तुरीच्या वाणांची माहिती, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचा गुलाबी बोंडअळीवरचा सल्ला, एखादा जीआर, भरतीची जाहिरात. गरज पडली की माणूस पुन्हा विचारतो, "भाऊ, ती लिंक टाका ना." तोवर टाकणाऱ्याच्याच फोनमधून ती उडालेली असते.

साइटवर तीन तऱ्हेची माणसं येऊन राहिली. शेती करणारी पोरं, अभ्यासिकेत बसणारी पोरं-पोरी, आणि लोकांचे सरकारी अर्ज भरून देणारी सीएससी किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे. सगळ्यात जास्त लिंका केंद्रवाले टाकतात, आणि एखादी लिंक मेली तर पहिला फोनही त्यांचाच येतो.

त्यांच्या कामात ही साइट किती कामी पडते ते पीकविम्याच्या दिवसांत दिसते. मुदत जवळ आलेली, केंद्रावर सातबारा, पासबुक, आधार हातात घेऊन माणसं उभी. एका शेतकऱ्याकडे पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र नव्हतं. केंद्रवाल्यानं गूगलवर शोधलं तर वर आली ती 'एक रुपयात पीकविमा'ची पानं. ती योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता पुन्हा शेतकऱ्याचा हिस्सा भरावा लागतो, खरिपातल्या सोयाबीन-तुरीला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के अन् कापसाला ५ टक्के. पण जुनी पानं अजून जशीच्या तशी आहेत आणि ती वाचून माणूस एक रुपया घेऊन येतो. आमच्या साइटवर आर्णीकडच्या एका केंद्रवाल्यानं त्या लिंकांना 'जुनं' असा टॅग लावून ठेवला होता, म्हणून चालू वर्षाचा नमुना वर होता. रांगवाल्या केंद्रवाल्यानं तो काढला, प्रिंट दिली, रांग पुढं सरकली. मला वाटते या साइटची खरी किंमत तीच आहे.

आता पैशाचं. सर्व्हर, डोमेन, बॅकअप हे सगळं खिशातून चाललं आहे, आणि रोज संध्याकाळी नको त्या लिंका उडवण्यात वेळ जातो तो वेगळा. घरचे विचारतात की यात मिळते काय. त्यांचं विचारणं रास्त आहे.

पैसे देतो म्हणणारे आलेही. एक जण म्हणतो, आम्ही सांगू त्या लिंका टाका, दर लिंकेमागे पैसे देतो. पाहिलं तर कर्जाचे अॅप आणि रमीच्या साइटी. एका जाहिरात कंपनीचा कोड लावून बघितला, तर आमच्या पानावर 'तुमचे कर्ज मंजूर झाले आहे' असं हिरवं बटण यायला लागलं. कर्जमाफीची लिंक शोधायला आलेला माणूस ते बटण दाबणारच, म्हणून त्याच दिवशी कोड काढून टाकला. आणि एका बियाण्याच्या व्यापाऱ्याला सदस्यांचे मोबाइल नंबर पाहिजेत, गाव अन् पिकासहित.

हे तिन्ही मला करायचे नाहीत. पण मग कमाईचा सरळ मार्ग कोणता? सदस्यांकडून फी घ्यावी, की गूगलची जाहिरात, की अॅमेझॉनवरच्या वस्तूंच्या लिंका देऊन विक्रीमागे मिळणारं कमिशन, की देणगीचा क्यूआर ठेवावा? ज्यांनी असं काही चालवलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी नीट सांगावं. साइट मला बंद करायची नाही.

---

जुना_प्रोग्रामर (वर्धा)

भाऊ, तुझी साइट मी पाहिली. काम चांगलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. या धंद्यात आजवर काय काय झालं ते आधी बघ, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळेल.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली साइट डिलिशस. जोशुआ शाख्टर याने ती २००३ मध्ये काढली, टॅग लावून लिंका साठवायची पद्धत तिनंच रुळवली. २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली. लाखो लोक वापरत होते, पण त्यातून पैसा कसा काढायचा हे याहूला शेवटपर्यंत जमलं नाही. २०११ मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांच्या कंपनीने घेतली, पुढे आणखी हात बदलले, आणि २०१७ मध्ये ती विकली गेली अवघ्या ३५ हजार डॉलरला. घेणारा होता पिनबोर्ड, एकट्या माणसाने चालवलेली याच प्रकारची साइट.

आता या पिनबोर्डचा हिशेब बघ. २००९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे जाहिरात नाही, फुकट खातंही नाही. सुरुवातीला एकदाच फी द्यायची, आणि प्रत्येक नव्या सदस्यागणिक ती फी किंचित वाढायची. २०१५ पासून नव्या सदस्यांना वार्षिक वर्गणी. साठवलेल्या पानांची प्रतही जपून ठेवायची असेल तर वर्गणी जास्त. लोकांनी ती दिली, कारण मूळ पान मेलं तरी आपली प्रत शाबूत राहते. फुकट वापरणाऱ्या लाखोंच्या साइटीला शेवटी पैसे देणाऱ्या थोड्यांच्या साइटीने विकत घेतलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

जाहिरातीचे प्रयोगही झालेत. स्टंबलअपॉनवर माणूस बटण दाबत जायचा आणि नवनवी पानं समोर यायची. त्याच ओघात मधूनच पैसे देऊन घातलेलं पान यायचं, आणि जाहिरातदार दर भेटीमागे ५ सेंट मोजायचा. ईबेने ही साइट २००७ मध्ये साडेसात कोटी डॉलरला घेतली होती, तरी २०१८ मध्ये ती बंद पडली. डिग या सदस्यांच्या मतांवर लिंका वर-खाली करणाऱ्या साइटने २०१० मध्ये नवी मांडणी आणली, तीत मोठ्या प्रकाशकांच्या लिंका आपोआप वर यायला लागल्या. सदस्य चिडून रेडिट या तशाच दुसऱ्या साइटवर गेले. २०१२ मध्ये डिगचा मुख्य भाग सुमारे ५ लाख डॉलरला गेल्याच्या बातम्या होत्या, आणि एके काळी तिची किंमत कोटींत सांगितली जायची. निवड सदस्यांची न राहता पैसेवाल्याची झाली की लोक थांबत नाहीत. तुझ्याकडे लिंकेमागे पैसे देणारा माणूस आला आहे, तो नेमकं हेच मागतो आहे.

त्याला लिंक वाचकांसाठी नकोच आहे, गूगलमध्ये वर यायला हवी आहे. त्यावर उपाय म्हणून गूगलने २००५ मध्येच नोफॉलो ही खूण आणली, म्हणजे क्रम लावताना ही लिंक धरू नका असं गूगलला सांगणारी, आणि २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' आणि सदस्यांनी टाकलेल्या लिंकेला 'यूजीसी' अशा वेगळ्या खुणा दिल्या. तू सगळ्या लिंकांना यूजीसी लाव आणि ते मुख्य पानावर लिहून टाक. असले लोक आपोआप कमी होतील, तुझी संध्याकाळची मेहनतही वाचेल.

गूगल अॅडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरात, मराठी मजकुराला चालतं. पण नुसत्या लिंकांच्या याद्या असलेलं पान ते 'कमी मूल्याचा मजकूर' म्हणून नाकारतात. प्रत्येक लिंकेखाली दोन-तीन ओळी तुमच्या शब्दांत असतील तर गोष्ट वेगळी. शिवाय खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. लावलंसच तर कर्ज आणि पैज-जुगार हे वर्ग सेटिंगमधून आधी बंद कर.

अॅमेझॉनचं कमिशन शेतकऱ्यांकडून मिळणार नाही. बियाणं, खत, औषध आपल्याकडे कृषी सेवा केंद्रातून येतं, तेही बहुधा उधारीवर, कापूस निघाल्यावर द्यायच्या बोलीवर. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तेवढी चालतील. तिथेही 'या लिंकेवर आम्हाला कमिशन मिळते' असं लिही. पिंटरेस्ट या चित्रं-लिंका साठवायच्या साइटने २०१२ मध्ये सदस्यांच्या लिंकांना न सांगता कमिशनचा कोड जोडल्याचं उघड झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पैसा घेण्याला लोकांची हरकत नव्हती, लपवण्याला होती.

मोबाइल नंबर देऊ नकोस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी देऊ नकोस.

आता मी काय केलं असतं ते सांगतो. वाचणं फुकट, लिंक टाकणं फुकट. पैसे घ्यायचे ते प्रत जपण्याचे आणि बदल कळवण्याचे, आणि ते अशा माणसाकडून ज्याचा त्यावर धंदा चालतो. तुझ्याच लिहिण्यात तो माणूस आला आहे.

---

केंद्रवाली_ताई (कारंजा लाड, जि. वाशीम)

वर्धेच्या दादांनी ज्या माणसाचं म्हटलं तो म्हणजे आम्हीच. तर आमच्या बाजूनं लिहिते.

पीकविम्याचा एक अर्ज भरला की विमा कंपनीकडून सीएससीला ४० रुपये मिळतात, शेतकऱ्याकडून वेगळे घ्यायचे नसतात. म्हणजे आमची कमाई अर्जाच्या गिनतीवर. एका माणसाच्या मागं अर्धा तास कागद शोधण्यात गेला तर तेवढ्यात होणारे बाकीचे अर्ज बुडाले. कोणत्या योजनेला यंदा कोणता कागद लागते, नमुना कोणता, मुदत वाढली का, हे एका जागी खात्रीनं मिळालं तर मी वर्षाचे पाचशे-सहाशे रुपये खुशीनं देईन. माझ्या ओळखीचे बाकी केंद्रवालेही देतील. पण महिन्याला पन्नास मागाल तर देणार नाहीत, कारण उन्हाळ्यात केंद्र थंड असते तेव्हा ते पन्नास डोळ्यावर येतात. मे-जूनमध्ये, शाळेचे दाखले अन् विमा सुरू व्हायच्या आधी, वर्षाचे एकदम घ्या.

त्या बदल्यात मला काय पाहिजे ते सांगते.

जीआरची पीडीएफ तुमच्या सर्व्हरवर ठेवा. सरकारी साइटवरची पानं हलतात, मुदतीच्या दिवशी तर उघडतही नाहीत. आणि प्रत्येक जीआरच्या शेवटी 'त्याचा संकेतांक अमुक असा आहे' म्हणून एक लांब आकडा असतो, तो लिंकेसोबत टाकायचं बंधन करा. तो आकडा वर्ष-महिना-तारखेनंच सुरू होते. म्हणजे त्या आकड्यावर क्रम लावला की नवा जीआर आपोआप वर येईल, आणि लिंक मेली तरी सरकारी साइटवर तोच आकडा टाकून मूळ जीआर काढता येईल. मी माझ्या वहीत असंच लिहून ठेवते. वहीच्या पानावर डाव्या बाजूला संकेतांक, उजव्या बाजूला 'निराधार, उत्पन्न दाखला २१ हजार' असं दोन शब्दांत काम. ही वही साइटवर आली तर माझ्या पोरालाही केंद्रावर बसवता येईल.

दुसरं, टॅग. पीकविमा, पिकविमा, पीक विमा असे तीन टॅग तुमच्या साइटवर आहेत आणि तिन्हीत वेगवेगळ्या लिंका. ते आधी एकत्र करा, पैसे मागायच्या आधी.

तिसरं, बदल झाला की व्हॉट्सअॅपवर एक ओळ. जास्त नाही. 'मुदत वाढली, नवा नमुना टाकला', बस्स.

जाहिरातीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. कृषी सेवा केंद्रवाले तुम्हाला हंगामात जाहिरात देतील, पैसेही बरे देतील. ठिबक, ताडपत्री, फवारणी पंप, मळणी यंत्र यांची घ्या. कीटकनाशकाची घेऊ नका. बोंडअळीच्या विद्यापीठाच्या सल्ल्याशेजारी एखाद्या औषधाचा डबा दिसला तर वाचणाऱ्याला वाटेल की विद्यापीठानंच ते औषध सांगितलं. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर दगावले, तुमच्याच जिल्ह्यात. माझ्या माहेरच्या गावात फवारणीचं काम करणारी माणसं आहेत. त्यांना काय फवारायचं ते दुकानदार सांगते आणि आता फोन सांगते. फोनवर जे दिसेल त्याची जबाबदारी दाखवणाऱ्यावर येते.

---

अभ्यासिका_पुसद

दादा, मी अभ्यासिकेत बसते. आम्ही महिन्याची खुर्चीची फी, मेस, परीक्षांचे अर्ज यातच संपतो, तर आमच्याकडून वर्गणी मिळणार नाही. पण लिंका तपासायचं काम आम्ही करू शकतो. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीच्या लिंका रोज आम्ही बघतोच, तर जुन्या जाहिरातींना 'मुदत संपली' लावायचा अधिकार आम्हा दोघी-तिघींना द्या. क्लासवाल्यांची जाहिरात घ्यायला हरकत नाही, फक्त तिच्यावर ठळक 'जाहिरात' लिहा आणि ती लिंकांच्या यादीत मधे घालू नका, बाजूला ठेवा. निकाल लागला की सगळे क्लास एकाच पोराचा फोटो लावतात, तसले फोटो पण नको.

---

वावर_ते_वेब (ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं आणि घरच्यांनाही वाचून दाखवलं.

मला वाटत होतं की जितके जास्त लोक येतील तितका पैसा, आणि लोक वाढवायचे कसे याचाच विचार करून राहिलो होतो. डिलिशस आणि पिनबोर्डचं वाचून डोक्यात वेगळा हिशेब बसला. दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद, कारंजा, मंगरूळपीर एवढ्या पट्ट्यातले केंद्रवाले धरले तरी सर्व्हरचा खर्च निघून माझ्या कामाचेही काही पडतील.

तर असं ठरवतो. वाचणं, शोधणं, लिंक टाकणं सगळ्यांना फुकट, कायमचं. केंद्रांसाठी वार्षिक वर्गणी, त्यात जीआरच्या प्रती, संकेतांकाचा क्रम आणि बदलाचा निरोप. एखाद्याची वर्गणी संपली तरी जीआर उघडायला अडवणार नाही, फक्त निरोप बंद होतील. बातम्यांची पानं मात्र साठवणार नाही, ती वर्तमानपत्रांची मालमत्ता आहे, तिथं नुसती लिंकच राहील. जाहिरात बाजूच्या एकाच चौकटीत, स्थानिक दुकानांची, कीटकनाशक सोडून. ताई, फोनवर दिसेल त्याच्या जबाबदारीचं ते तुमचं वाक्य नियमांच्या पानावर जसंच्या तसं टाकू का? तुमचं नाव येणार नाही.

टॅगचं काम आज सुरू केलं. तिन्ही पीकविमे एक झाले. बोंडअळी अन् बोंड अळी पण. अभ्यासिकेच्या ताईंना संदेश पाठवला आहे, अधिकार चालू करतो.

वर्धेचे काका, दोन गोष्टी अजून सांगा. वर्गणी यूपीआयवर घेतली तर मधे कोणी कापते का, आणि जीएसटी लागते का?

---

जुना_प्रोग्रामर (वर्धा)

क्यूआरवर थेट बँकेतून यूपीआय घेतलंस तर व्यापाऱ्याला शुल्क नाही, २०२० पासून ते शून्य आहे. दरवर्षी आपोआप कापून घ्यायचं असेल तर यूपीआय ऑटोपे लागेल. ते पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीकडून घ्यावं लागतं आणि गेटवे आपली फी लावतो. पहिल्या वर्षी साध्या क्यूआरवरच चालव. माणसं कमी आहेत तोवर वहीत नाव लिहून फोन करणं जास्त कामाचं, नूतनीकरणाच्या निमित्ताने काय खटकतं तेही कळेल.

सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. उत्पन्न मात्र आयकराच्या विवरणात दाखव, जाहिरातीचंही.

आणि सदस्याला त्याच्या सगळ्या लिंका एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय पहिल्या दिवसापासून दे. पॉकेट ही लिंका साठवायची मोठी सेवा, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाची, २०२५ च्या जुलैत बंद झाली. लोकांना आपल्या लिंका बाहेर काढायला मुदत दिली म्हणून त्या वाचल्या. आपला माल कधीही परत नेता येतो हे दिसलं की केंद्रवाला निर्धास्तपणे पैसे देईल.

---

केंद्रवाली_ताई (कारंजा लाड, जि. वाशीम)

ते वाक्य टाका, नावाची गरज नाही. माझी यंदाची वर्गणी धरा. पावती केंद्राच्या नावानं द्या, मला खर्चात दाखवता येईल. आणि निराधारच्या जीआरपासून सुरुवात करा, हयातीच्या दाखल्याला माणसं येऊन राहिली.